डिस्टोएक्स हातात घेतल्यावर: गुहा आणि भुयारांचा नकाशा करायला शिकताना

गुहेचा नकाशा म्हणजे मुळात एका दोऱ्याचा नकाशा. तोंडापासून आत दोरा ताणत न्यायचा, वळण आलं की गाठ मारायची, आणि प्रत्येक दोन गाठींमधलं अंतर, दिशा आणि चढ-उताराचा कोन लिहून ठेवायचा. भिंती, छत, दगडधोंडे, पाणी हे सगळं नंतर त्या दोऱ्याभोवती काढायचं. पूर्वी या कामाला टेप, होकायंत्र आणि कोनमापक अशी तीन साधनं लागायची. आता मुठीत मावणारं एकच उपकरण लेझरचा ठिपका पडेल तिथलं अंतर, दिशा आणि कोन एका दमात मोजतं आणि ब्लूटूथने मोबाइलवर पाठवतं.

नवख्यांची फसगत इथेच होते. उपकरण प्रत्येक वेळी काही ना काही आकडा देतंच. हेल्मेटवरचा टॉर्च जवळ असो, लेझर पाण्यावरून उसळलेला असो किंवा भिंतीतला बेसाल्ट सुई ओढत असो, स्क्रीनवरचा आकडा तितकाच ठाम दिसतो. म्हणून या लेखात बटण कुठलं दाबायचं यापेक्षा आलेला आकडा कसा तपासायचा यावर जास्त भर आहे.

उपकरण कोणतं घ्यावं

गुहा मोजणाऱ्यांमध्ये सगळ्यात रुळलेलं नाव म्हणजे डिस्टोएक्स. स्वित्झर्लंडच्या बीट हीब यांनी लायका कंपनीच्या बाजारात मिळणाऱ्या लेझर मीटरमध्ये बसेल असा सर्किट बोर्ड तयार केला. त्यात तीन अक्षांचा चुंबकमापक आणि तीन अक्षांचा त्वरणमापक असतो. पहिला उत्तर दिशा शोधतो, दुसरा गुरुत्वाकर्षणावरून उपकरण किती कललंय ते सांगतो. डिस्टोएक्स-२ हा बोर्ड डिस्टो एक्स३१० या मॉडेलसाठी होता. ते मॉडेल आता बनत नाही, त्यामुळे जुनं उपकरण मिळालं तर नशीब. नाहीतर ब्रिक, सॅप किंवा कॅव्हवे ही खास गुहांसाठी बनवलेली उपकरणं पाहावीत. तत्त्व सगळ्यांचं एकच आहे आणि पुढची पद्धतही सगळ्यांना लागू पडते.

बजेट कमी असेल तर साधा लेझर मीटर आणि सुंटोसारखं डोळ्याला लावून वाचायचं होकायंत्र व कोनमापक घ्या. वेळ जास्त लागतो, पण नकाशा उत्तम होतो. मोबाइलमधल्या होकायंत्रावर मात्र गुहेचा नकाशा करू नका. स्पीकरचा चुंबक त्याच्या शेजारीच बसलेला असतो आणि दिशा सहज पाच-दहा अंशांनी भरकटते.

उपकरणाची बॅटरी बदलताना आधी विचारा. साध्या पेन्सिल सेलचं आवरण पोलादी असतं आणि ते चुंबकमापकापासून अगदी बोटभर अंतरावर बसतं. म्हणून डिस्टोएक्स-२मध्ये चुंबकीय नसलेली लिथियम पॉलिमर बॅटरी बसवतात. दुकानातून "त्याच मापाची" दुसरी आणून घातली की सगळं कॅलिब्रेशन वाया.

बाकी सामान: जुना अँड्रॉइड मोबाइल आणि त्यात टोपोड्रॉइड हे मोफत ॲप, पॉवर बँक, पाण्यात न भिजणाऱ्या कागदाची वही आणि दोन पेन्सिली, पोस्टकार्डाएवढी पांढऱ्या प्लॅस्टिकची दोन कार्डं, लेझरची काच पुसायला मऊ सुती फडकं. प्रत्येकी हेल्मेट आणि तीन दिवे. तिसरा दिवा खिशातला छोटा असला तरी चालेल, पण तीन हवेतच.

कॅलिब्रेशन: छप्पन्न रीडिंग, कंटाळा न करता

उपकरणाच्या आतले सेन्सर हाताने बसवलेले असतात, लेझरच्या रेषेशी अगदी नेमके समांतर नसतात. शिवाय आतल्या धातूच्या भागांचं स्वतःचं थोडं चुंबकत्व असतं. कॅलिब्रेशन म्हणजे या दोन्हींचा हिशेब काढून उपकरणाला तो कायमचा सांगून ठेवणं.

जागा निवडताना गाडी, विजेचा खांब, कुंपणाची तार, बोअरवेलचा पाइप यांपासून निदान वीस-पंचवीस मीटर लांब जा. इमारतीत, गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये करू नका, काँक्रीटमध्ये सळ्या असतात. मोकळं मैदान किंवा झाडी उत्तम. घड्याळ, किल्ल्या, बेल्टचं बक्कल, मोबाइल, सगळं काढून लांब ठेवा.

एकूण १४ दिशा घ्यायच्या. तुम्ही एका मोठ्या ठोकळ्याच्या मध्यात उभे आहात असं समजा. ठोकळ्याच्या सहा बाजूंचे मध्य म्हणजे समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. शिवाय आठ कोपरे. प्रत्येक दिशेला चार रीडिंग: एकदा स्क्रीन वर, एकदा उजवीकडे, एकदा खाली, एकदा डावीकडे. चौदा चोक छप्पन्न. एका दिशेची चारही रीडिंग त्याच बिंदूपासून त्याच बिंदूवर पडायला हवीत. त्यासाठी झाडाच्या खोडावर किंवा दगडावर नेमका ठिपका ठरवा आणि उपकरणाची मागची कड दर वेळी एकाच टेकूवर ठेवा. पहिल्या चार दिशांबाबत तर काटेकोर राहा, कारण गणिताचा पाया त्यांच्यावर आहे.

टोपोड्रॉइडमध्ये उपकरण कॅलिब्रेशन मोडमध्ये टाकायचं, रीडिंग घ्यायची, ती उतरवून गट पाडायचे आणि हिशेब करायला सांगायचं. ॲप सरासरी चूक दाखवतं. ती ०.५ अंशाच्या आत हवी. ०.३ आली तर छान. जास्त आली तर यादीत एखादं रीडिंग इतरांपेक्षा ठळकपणे वाईट दिसेल. ते हात हलल्यामुळे आलं असेल तर तेवढं वगळा. तीन-चार वगळूनही आकडा खाली येत नसेल, तर वगळत बसू नका. जागा बदला आणि पुन्हा छप्पन्न घ्या. शेवटी या हिशेबातून आलेले दुरुस्तीचे आकडे, म्हणजे गुणांक, उपकरणात लिहायचे आणि कॅलिब्रेशन मोड बंद झाला ना, हे डोळ्यांनी पाहायचं.

कॅलिब्रेशन पुन्हा कधी करायचं? उपकरण हातातून पडलं तर, उघडलं तर, बॅटरी बदलली तर, आणि प्रत्येक मोहिमेच्या आधी.

मैदानातला त्रिकोण

गुहेत जाण्याआधी सराव मैदानातच करा. सुमारे दहा-दहा मीटरवर तीन लाकडी खुंट्या ठोका. लोखंडी नकोत. पहिल्यापासून दुसरीकडे, दुसरीपासून तिसरीकडे, तिसरीपासून पुन्हा पहिलीकडे मोजा, आणि प्रत्येक बाजू उलट दिशेनेही मोजा.

पुढे आणि मागे घेतलेल्या दिशांमध्ये बरोबर १८० अंशांचा फरक हवा. एक अंशापर्यंतची चूक चालेल. चढाचा कोन तेवढाच, फक्त चिन्ह उलटं. तीस मीटरच्या या त्रिकोणावरून फिरून आल्यावर हिशेबात पहिली खुंटी मूळ जागेपासून १५ सेंटिमीटरच्या आत पडायला हवी. हे जमेपर्यंत आत जाऊ नका. मैदानात १५ सेंटिमीटर जमत नसतील तर चिखलात, वाकून, अंधारात जमणार नाहीत.

हिशेब ॲप करतं, पण एकदा हाताने करून पाहावा. समजा लेगची, म्हणजे दोन गाठींमधल्या एका तुकड्याची, लांबी ८.४२ मीटर, दिशा ३७.५ अंश, उतार उणे १२ अंश. आधी आडवं अंतर: ८.४२ गुणिले १२ अंशांचा कोसाइन, म्हणजे ८.२४ मीटर. खाली उतरलो १.७५ मीटर. आडव्या अंतराला दिशेच्या कोसाइनने गुणलं की उत्तरेकडे ६.५३ मीटर, साइनने गुणलं की पूर्वेकडे ५.०१ मीटर. संपूर्ण गुहेचा नकाशा म्हणजे अशा शेकडो बेरजा. यातूनच कळतं की दिशेत एका अंशाची चूक झाली तर दहा मीटरवर पुढचा बिंदू साडेसतरा सेंटिमीटर बाजूला जातो, आणि त्यानंतरचं सगळं तेवढंच सरकतं.

परवानगी, हवा, पाऊस

महाराष्ट्रात बहुतेक लेणी संरक्षित स्मारकं आहेत. तिथे पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय मोजणी नाही, खूण तर अजिबात नाही. जंगलातल्या गुहेसाठी वनखातं, जुन्या पाणीवाहिन्यांसाठी महापालिका. गावाजवळची गुहा असेल तर आधी गावात विचारा. आत देव असेल तर पादत्राणं कुठे काढायची इथपासून सांगणारं कोणीतरी भेटतं, आणि गुहेला पाणी कधी येतं हेही त्याच माणसाला ठाऊक असतं.

हवा हा सगळ्यात गंभीर मुद्दा. बंद भुयारात कुजणारा पालापाचोळा कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि तो सखल भागात साचतो. बाहेर त्याचं प्रमाण ०.०४ टक्के असतं. आठ तासांच्या कामासाठी धरलेली मर्यादा ०.५ टक्के आहे. दम लागणं, डोकं दुखणं, विनाकारण चिडचिड होणं ही लक्षणं दिसली की चर्चा न करता बाहेर पडायचं. काडी पेटवून पाहण्यावर विसंबू नका. ज्योत विझते ती ऑक्सिजन फार खाली गेल्यावर, आणि कार्बन डायऑक्साइडचा त्रास त्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो. जुन्या नहरीत, म्हणजे पाण्याच्या भुयारी वाहिनीत, सांडपाणी मिसळत असेल तर हायड्रोजन सल्फाइडचाही धोका असतो. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास थोड्या वेळाने नाकाला जाणवेनासा होतो, म्हणजे वास गेला याचा अर्थ वायू गेला असा नाही. अशा ठिकाणी गॅस मीटरशिवाय शिरू नये. ऑक्सिजन नेहमीच्या २०.९ टक्क्यांवरून १९.५च्या खाली आला की माघार. बाजारातल्या बऱ्याच चार-वायू मीटरमध्ये कार्बन डायऑक्साइड नसतो, घेताना विचारून घ्या.

वटवाघळांची विष्ठा साचलेल्या ठिकाणी एन-९५ मास्क लावा, कारण तिच्या धुळीतून बुरशीचा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. पिल्लं असतील तर मोजणी पुढे ढकला. पावसाळ्यात पाणी वाहणाऱ्या गुहेत किंवा नहरीत जायचंच नाही. आणि बाहेर एका माणसाला लिहून द्या: कुठे जातोय, किती जण, किती वाजेपर्यंत परत आलो नाही तर कोणाला फोन करायचा.

प्रत्यक्ष मोजणी

तिघांची टोळी सोयीची. एक पुढे जाऊन स्टेशन शोधतो, एक उपकरण धरतो, एक मोबाइलवर किंवा वहीत रेखाटतो. रेखाटणारा हाच टोळीचा म्होरक्या. त्याचं काम सगळ्यात संथ आहे, बाकीच्यांनी त्याच्या वेगाने चालायचं.

स्टेशन म्हणजे दोऱ्याची गाठ. जिथून मागचं आणि पुढचं स्टेशन दोन्ही दिसतं, जिथे उपकरण टेकवता येतं आणि जिथे उद्या दुसरं कोणी आलं तरी तोच बिंदू सापडेल अशी जागा निवडा. दगडाचं बाहेर आलेलं टोक उत्तम. मधल्या हवेत हात धरून स्टेशन करू नका. लेग तीन ते बारा मीटरचे असावेत. फार छोट्या लेगमध्ये स्टेशन दोन सेंटिमीटर सरकलं तरी दिशा बिघडते, फार लांब लेगमध्ये ठिपका नेमका कुठे पडलाय ते दिसत नाही.

एका लेगचा क्रम असा:

१. पुढचा माणूस नव्या स्टेशनवर पांढरं कार्ड धरतो, कार्डाचा मधला ठिपका स्टेशनच्या टोकावर.

२. उपकरणवाला मागची कड जुन्या स्टेशनवर टेकवतो. अंतर मागच्या कडेपासून मोजलं जातं. ही कड स्टेशनच्या अलीकडे-पलीकडे राहिली की प्रत्येक लेगमध्ये दहा सेंटिमीटरची चूक घुसते.

३. लेझर सुरू करून नेम धरायचा, बटण दाबायचं आणि बीप होईपर्यंत हात दगडासारखा ठेवायचा.

४. तीच गोष्ट आणखी दोनदा. तीन रीडिंग जुळली की टोपोड्रॉइड त्यांना लेग समजतं. एकटं रीडिंग आलं तर ते स्प्ले, म्हणजे भिंतीच्या आकारासाठी मारलेलं.

५. नव्या स्टेशनवरून जुन्याकडे उलटं रीडिंग, तेही तीनदा.

६. निघण्याआधी स्प्ले: डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, आणि भिंत जिथे आत-बाहेर होते तिथे. अरुंद बोळात सहा-आठ पुरतात, मोठ्या दालनात वीसही कमी पडतात.

७. रेखाटणारा "झालं" म्हणाल्याशिवाय कोणी जागा सोडायची नाही.

उपकरण धरलेला हात आणि डोकं यांमधलं अंतर फार महत्त्वाचं आहे. हेल्मेटच्या दिव्याच्या बॅटरीचं आवरण लोखंडी असतं. ठिपका नीट दिसावा म्हणून माणूस नकळत वाकून उपकरणावर डोकं आणतो, दिवा एक वीतभर अंतरावर येतो आणि दिशा दोन-तीन अंशांनी फिरते. तो परत सरळ झाला की सुई मूळ जागी. अशी चूक वहीत कुठेच दिसत नाही. हात लांब, मान मागे, दिवा निदान अर्धा मीटर दूर, ही सवयच लावून घ्या. मोबाइल धरलेला सोबतीही तेवढाच लांब हवा. ॲल्युमिनियमचे कॅरॅबिनर (दोर अडकवायच्या कड्या) चालतात, पोलादी नाहीत.

ओल्या काळ्या दगडावर लेझर परत येत नाही आणि उपकरण चूक दाखवतं. तिथे पांढरं कार्ड लावा. पाण्याच्या पृष्ठभागावर कधीच मारू नका. किरण आत शिरतो किंवा उसळून छतावर जातो आणि भलतंच अंतर येतं. दमट गुहेत तोंडासमोर उपकरण धरलं की श्वासाची वाफ किरणाच्या वाटेत येते, मग चाळीस सेंटिमीटरसारखी हास्यास्पद अंतरं येतात. बटण दाबताना श्वास रोखून धरा.

स्टेशनांचे क्रमांक मोठ्याने बोला आणि समोरच्याकडून परत वदवून घ्या. "सतरा ते अठरा", "सतरा ते अठरा". फाटा फुटतो तिथे हमखास चूक होते. मुख्य वाटेवर पंचविसाव्या स्टेशनपर्यंत जाऊन नवव्यापाशी परत येता, पण ॲप पंचवीसपासूनच पुढे जोडत राहतं. फाट्यापाशी थांबून "चालू स्टेशन नऊ" असं हाताने ठरवून द्या.

बेसाल्ट आणि जांभा: होकायंत्र खोटं बोलतं तेव्हा

गुहामोजणीवरचं बहुतेक लिखाण चुनखडीच्या गुहांमधून आलंय. मेघालयातल्या गुहाही चुनखडीच्या किंवा वालुकाश्माच्या. शिलाँगच्या मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशनच्या पुढाकाराने १९९२पासून तिथे मोहिमा होतात, आणि तीस किलोमीटरहून लांब असलेली क्रेम लियात प्राह ही गुहा अशीच लेग जोडत जोडत नकाशावर आली आहे. चुनखडीत चुंबकत्व नसल्यासारखंच. आपला दख्खनचा बेसाल्ट तसा नाही. लाव्हा थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी त्या वेळचं पृथ्वीचं चुंबकक्षेत्र धरून ठेवलंय. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्यातही लोहाचे ऑक्साइड भरपूर. म्हणून परदेशी मार्गदर्शिकांमध्ये "जमलं तर घ्या" म्हणून सांगितलेलं उलटं रीडिंग आपल्याकडे प्रत्येक लेगला सक्तीचं आहे.

पुढचं आणि मागचं रीडिंग १८० अंशांपासून दोनहून जास्त फरकाने आलं, तर आधी स्वतःला तपासा: दिवा, चाकू, फोन. ते सगळं बाजूला ठेवूनही फरक तोच राहिला तर तो दगडाचा. चढाचा कोन आणि अंतर यांवर चुंबकत्वाचा परिणाम होत नाही, ती दोन्ही शाबूत आहेत. बिघडली फक्त दिशा. तीही वाचवता येते.

युक्ती अशी. एका स्टेशनवर दगड सुईला जितका ओढतो, तितकाच तो त्या स्टेशनवरून घेतलेल्या प्रत्येक रीडिंगला ओढतो. म्हणून त्या स्टेशनवरून मागचं आणि पुढचं, दोन्ही रीडिंग घेतली तर त्यांच्यामधला कोन खराच राहतो. समजा एकपासून दोनची खरी दिशा ३० अंश आहे, म्हणजे दोनवरून मागे पाहिलं तर २१० यायला हवी. उपकरण २१४ दाखवतंय. म्हणजे दोन नंबरवर सुई चार अंशांनी पुढे आहे. तिथूनच तीन नंबरकडे ७१ आले, तर खरी दिशा ६७. मग तीन नंबरवरून मागे २४७ यायला हवेत, किती येतात ते पाहा, आणि असंच पुढे.

यासाठी दोन अटी. उपकरण दोन्ही वेळा अगदी त्याच जागी हवं, कारण दगडाजवळ क्षेत्र वीतभरात बदलतं. भिंतीला टेकवून नाही, तर भिंतीपासून अर्धा ते एक मीटर लांब, लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या तिपाईवर ठेवा. आणि पहिली दिशा बिनचूक हवी. ती गुहेच्या बाहेर, मोकळ्यावर, दोन-तीनदा पडताळून घ्या. प्रत्येक स्टेशनवरची छोटी चूक या पद्धतीत पुढे साचत जाते, त्यामुळे दगड शांत असेल तिथे साध्या रीडिंगवर परत या.

टोपोड्रॉइडमध्ये प्रत्येक रीडिंगसोबत चुंबकक्षेत्राची तीव्रता आणि त्याचा झुकाव पाहता येतो. सलग स्टेशनांवर हे आकडे स्थिर असतील तर दिशा विश्वासार्ह. एकदम उडी दिसली तर तिथे काहीतरी लोखंडी किंवा दगडी कारण आहे. सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या बोगद्यात मात्र ही सगळी धडपड सोडून द्यावी, तिथे टोटल स्टेशन, म्हणजे होकायंत्राशिवाय कोन आणि अंतर मोजणारं तिपाईवरचं यंत्रच हवं.

नहरी आणि जुने जलबोगदे

सरावासाठी आणि उपयोगासाठीही महाराष्ट्रातला सगळ्यात मोलाचा विषय हा. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आणलेली नहर, पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळातली कात्रजची वाहिनी, आणि सीमेपलीकडे बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा. रस्ते आणि इमारतींचे पाये खोदताना अशा वाहिन्या फुटतात, कारण त्या नेमक्या कुठून जातात हे हाताशी नसतं. चांगला नकाशा हे त्यांचं पहिलं संरक्षण आहे.

या भुयारांना ठरावीक अंतरावर वर उघडणारे झरोके असतात. मोजणाऱ्याला ते वरदान आहेत. जमिनीवर प्रत्येक झरोक्याचं जीपीएस घ्या. मोबाइल दहा मिनिटं एका जागी ठेवून सरासरी काढली तरी पाच-दहा मीटरची चूक राहते, म्हणून लागोपाठच्या झरोक्यांमध्ये जमिनीवरूनही डिस्टोएक्सने लेग टाका. वरची आणि खालची मोजणी प्रत्येक झरोक्यातून लेझर सरळ खाली सोडून जोडली की बंद वळसा तयार होतो, आणि बंद वळसा हीच खरी परीक्षा. जीपीएसची उंची वापरू नका, ती आडव्या जागेपेक्षाही जास्त चुकते. नहरीत तर उतारच महत्त्वाचा.

रेखाटन

आकडे घरी परत मिळतात, डोळ्यांनी पाहिलेलं नाही. रेखाटन तिथेच, त्याच वेळी पूर्ण करा. साधारण १:२०० प्रमाण सोयीचं, मोठ्या गुहेला १:५००. तीन चित्रं लागतात: वरून दिसणारा आराखडा, बाजूने दिसणारा उलगडलेला छेद, आणि दर दोन-तीन स्टेशनांवर आडवा छेद. आराखड्यात फक्त भिंती काढून थांबू नका. चिखल, वाळू, पडलेले दगड, पाण्याची दिशा, छतातली भेग, वारा कुठून येतो, हे सगळं हवं. आंतरराष्ट्रीय गुहाविज्ञान संघटनेची ठरलेली चिन्हं आहेत, तीच वापरा म्हणजे नकाशा कुठेही वाचता येईल.

घरी आल्यावर

मूळ माहितीची प्रत आधी, चहा नंतर. टोपोड्रॉइडमधून थेरिअन किंवा सर्व्हेक्स या मोफत सॉफ्टवेअरसाठी फाइल काढा. दोन्हींच्या फाइली साध्या मजकुराच्या असतात, वीस वर्षांनीही उघडतील. मूळ फाइलमध्ये कधीही बदल करू नका, दुरुस्ती वेगळ्या प्रतीत करा आणि का केली ते शेजारी लिहा.

मग वळसे तपासा. १८० मीटरच्या वळशाची दोन टोकं १.४ मीटरने चुकली तर चूक ०.८ टक्के झाली. एका टक्क्याच्या आत असेल तर चालेल. दोन टक्क्यांच्या वर असेल तर सॉफ्टवेअरला ती चूक वाटून टाकू देऊ नका. ते निमूटपणे वाटतं, आणि एका लेगची घोडचूक चांगल्या वीस लेगांमध्ये पसरते. आधी घोडचूक शोधा: कुठे स्टेशन चुकीचं जोडलं गेलंय का, कुठे उलटं रीडिंग सुलटं म्हणून गेलंय का, कुठे तीन सारखे स्प्ले लेग बनलेत का. सापडली नाही तर पुन्हा जाऊन तेवढे लेग मोजा.

ब्रिटिश गुहामोजणीच्या श्रेणींत पाचवी श्रेणी म्हणजे कोन एका अंशापर्यंत, अंतर सेंटिमीटरपर्यंत आणि स्टेशनची जागा दहा सेंटिमीटरच्या आत. नीट कॅलिब्रेट केलेल्या डिस्टोएक्सने ती गाठता येते. नकाशावर श्रेणी लिहायची ती प्रत्यक्ष काम झाल्यावर, उपकरण पाहून नाही. सोबत उत्तर दिशा, प्रमाणपट्टी, तारीख आणि मोजणाऱ्यांची नावं. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत सध्या एक अंशाहूनही कमी फरक आहे, पण कोणती उत्तर वापरली ते लिहाच.

लायडार कधी, कसा

लायडार म्हणजे लेझरने आजूबाजूचे असंख्य बिंदू मोजून जागेचा आकार उभा करणारं साधन. हातात धरून चालत जायचे लायडार स्कॅनर आता मिळतात, आणि २०२०पासूनच्या आयफोन प्रो मॉडेलमध्येही छोटा लायडार असतो. फोनच्या लायडारची पोच पाचेक मीटरच आहे. अरुंद बोळ, कोरीव खांब, नहरीचा एखादा तुकडा यांसाठी तो झकास. संपूर्ण गुहेसाठी नाही.

चालता स्कॅनर आपण किती पुढे आलो हे समोरच्या आकारांवरून ओळखतो. नैसर्गिक गुहेत आकार भरपूर, तिथे जमतं. गुळगुळीत, सरळ बोगद्यात मात्र प्रत्येक मीटर आधीच्या मीटरसारखाच दिसतो, स्कॅनरला वाटतं आपण हललोच नाही, आणि साठ मीटरचा बोगदा पंचावन्न मीटरचा होऊन येतो. उपाय साधा: चार-पाच मीटरवर, मुद्दाम असमान अंतराने, खोके, बादल्या, हेल्मेट अशा वस्तू भिंतीलगत ठेवा. हळू चाला, वळणावर गर्रकन फिरू नका, आणि शक्य तिथे सुरुवातीच्या जागी परत या.

त्याआधी डिस्टोएक्सने मोजलेल्या स्टेशनांपैकी निदान चार ठिकाणी स्कॅनमध्ये ओळखू येईल असा चेंडू किंवा चौकोनी पट्टी ठेवा. चारही एका रेषेत नकोत. नंतर क्लाउडकंपेअर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या बिंदूंवर स्कॅन बसवा. न बसणाऱ्या बिंदूवरूनच स्कॅन कुठे घसरला ते कळतं. फाइल अवजड असते, बिंदू दर दोन सेंटिमीटरला एक इतके विरळ केले तरी गुहेच्या नकाशाला पुरतात. त्यातून आडवे छेद कापून घेतले की हाताने काढलेल्या छेदांशी ताडून पाहता येतात.

नकाशा तयार झाल्यावर एक प्रत परवानगी देणाऱ्या खात्याला आणि एक गावाला द्या. गुहेत छताला लोंबणारी नाजूक दगडी झुंबरं, वटवाघळांची वसाहत किंवा जुने अवशेष असतील, तर इंटरनेटवर टाकायच्या प्रतीतून तोंडाचे अक्षांश-रेखांश काढून टाका आणि मूळ फाइल जपून ठेवा.